खुर्चीत बसवलेला माणूस

वरवट बकालात सत्यभामाबाईच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. जळगाव जामोदच्या बाजारात ती मिरचीचं पोतं आणि वांग्यांच्या टोपल्या घेऊन बसायची, तेव्हा काट्याला हळूच बोट लावणारे अडतेसुद्धा तिच्यासमोर हात मागे बांधून उभे राहत. गावात नळाला पाणी आलं नाही, की ग्रामपंचायतीत आधी तिला पुढे करायचे. "सत्यभामाबाईले पाठवा, ते बरोबर बोलते," असं म्हणून बाकीचे मागे सावलीत उभे. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला गप्प करायचा बराच प्रयत्न केला होता. शेवटी सासूच गप्प झाली.

अशी ही बाई आयुष्यात एकदाच, एका दुपारी, गप्प बसली. त्या दुपारचीच ही गोष्ट आहे. सांगताना राग येतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

तिचा नवरा शालिग्राम याला लकवा मारला तो मिरची तोडणीच्या दिवसांत. बांधावर चहा पिता पिता कप हातातून गळाला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मोठ्या दवाखान्यानं त्याला काही दिवस ठेवून घेतलं आणि मग गोळ्यांच्या पिशवीसकट घरी पाठवलं. डॉक्टर म्हणाले, "आता घरी सेवा करा." सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, ते काही बोलले नाहीत. हलता न येणाऱ्या माणसाची कातडी पडल्या जागी मरू शकते, हे सांगायला कितीसा वेळ लागतो? पण एवढ्या मोठ्या इमारतीत तेवढा वेळ कोणाकडे नव्हता. लिफ्टमनला होता, तो बिचारा "जपा बुढ्याले" एवढं तरी म्हणाला.

सांगितलं ते महामाया सिस्टरनं. ती उपकेंद्रातली नर्स, स्कूटीवरून चार गावं फिरणारी. बीपी मोजायला म्हणून आली आणि कोणाला न विचारता तिनं शालिग्रामला कुशीवर वळवून त्याची कंबर बघितली.

"काकू, हे पाहा, हे माकडहाड. इथं मांस नसतेच. वर हाड, खाली खाट, मधात कातडं. दाबून राह्यलं का रक्ताले वाट भेटत नाही. आपन झोपीतबी कूस बदलतो, मनून आपल्याले काही होत नाही. काकाले ते जमत नाही."

"मंजे ठिबकच्या नळीवर कोनी पाय देऊन उभं राह्यलं, का पुढचं झाड वाळते. तसंच ना?" सत्यभामाबाईनं विचारलं.

"तसंच. फक्त झाड वाळलेलं दिसते तरी. हे आतून वाळते."

मग महामायानं तिचं बोट हातात धरून शिकवलं. कातडीवर दाबायचं आणि सोडायचं. रंग फिका होऊन पुन्हा भरला, तर रक्त वाहतंय. दाबूनही रंग हलला नाही, तर समजायचं की घात झाला. पण उन्हात राबलेल्या सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं नाही. हात फिरवून बघायचा, एखादी जागा आजूबाजूपेक्षा गरम आहे का, टणक आहे का, जास्त काळी पडली आहे का. तसं दिसलं तर त्या जागेवर भार द्यायचा नाही. आणि चोळायचं तर मुळीच नाही.

त्या दिवसापासून सत्यभामाबाईनं शेताकडे पाठ फिरवली. शेत सागरवर सोपवलं. सागर हा तिचा एकुलता एक मुलगा. दिवसरात्र दर दोन तासांनी ती नवऱ्याची कूस बदलायची. गुडघ्यांच्या मध्ये घडी घातलेली गोधडी, टाचा उशीवर अधांतरी, लुंगी ओली झाली की लगेच कोरडी. रोपवाटिकेतल्या कोवळ्या रोपांकडे बघावं, तसं ती त्याची कंबर, खुबे, टाचा बघायची. नवराबायकोत आता बोलणं उरलं नव्हतं, पण एक खूण उरली होती. अंग आंबून आलं, की शालिग्राम डाव्या हातानं खाटेच्या लाकडावर थाप मारायचा. थाप ऐकली, की ती हातातलं टाकून यायची. पावसाळा गेला, थंडी आली, त्याच्या अंगावर एक चट्टा उठला नाही. या गोष्टीचा तिला गर्व होता. असायलाच हवा होता.

घरात दुसरी काळजी होती ती सागरच्या लग्नाची. तिशी उलटून गेली होती. भाजीपाल्याच्या शेतात राबणाऱ्या पोराला मुलगी द्यायला आधीच लोक नाकं मुरडतात, त्यात दारात खाट. संग्रामपूरकडचे एक पाहुणे येऊन चहा पिऊन गेले आणि मध्यस्थाकडून निरोप पाठवला, "आमाले पोरगी द्याची हाय का नर्स?" तो निरोप घरात सगळ्यांच्या मनात रुतून बसला. सागरच्या तर जास्तच.

मग डोणगावकडचं स्थळ आलं. मुलगी अनुपमा, तिचे वडील सुपडाजी. माणसं चांगली, शेतीवालीच. शालिग्रामचा धाकटा भाऊ गोकुळ आदल्या दिवशी घरी आला आणि सगळ्यांना समोर बसवून म्हणाला, "उद्या दादाले खुर्चीत बसवू. धोतर, टोपी, आंगावर शाल. पाव्हणे येतीन, राम राम करतीन, झालं. मंग लगेच खाटेवर."

"त्याईले बसवत नाही," सत्यभामाबाई म्हणाली. "एका आंगावर कलंडते."

"ते माह्यावर सोडा, वयनी."

"अन् बोलत काऊन नाही, असं इचारलं तं?"

"घसा बसला मनू."

गोकुळ वाईट माणूस नव्हता. बाप लवकर गेल्यावर शालिग्रामनंच त्याला वाढवलं होतं, आणि भावासाठी तो जीव द्यायला तयार होता. फक्त लोक काय म्हणतील, याची भीती त्याला जिवाहून मोठी. सत्यभामाबाईनं त्याला चार शब्द सुनवायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारात उभा असलेला सागर खाली बघत म्हणाला, "आई, एक डाव गप राह्य ना. तुह्या तोंडानं सोयरिक मोडन."

ती गप्प राहिली. अख्ख्या बाजाराला न भिणारी बाई पोराच्या त्या एका वाक्यानं खाली बसली.

पाहुणे सकाळी येणार होते, म्हणून गोकुळनं शालिग्रामला सकाळीच तयार करून ठेवलं. अंगणातली लाल प्लास्टिकची खुर्ची. तिच्यावर मऊ लागावं म्हणून स्कूटरची हवा भरलेली ट्यूब. या ट्यूबची अक्कल कोणाची, कोण जाणे, पण आमच्याकडे घरोघर ती वापरतात आणि वर पुण्य केल्यासारखं सांगतात. ट्यूबच्या कड्यावर सगळा भार येतो, कड्याच्या आतल्या कातडीचं रक्त चहूबाजूंनी अडतं, हे कोणाला ठाऊक नाही. माणूस पुढे पडू नये म्हणून गोकुळनं उपरण्यानं त्याची छाती खुर्चीच्या पाठीला बांधली. वरून शाल पांघरली. गाठ झाकली गेली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, घरचा कर्ता माणूस ऐसपैस बसला आहे.

पाहुण्यांची गाडी खामगावच्या अलीकडे पंक्चर झाली. मग ते वाटेत एका सोयऱ्याकडे थांबले. दर फोनला एकच उत्तर, "हे काय, निंगालोच, येऊन राह्यलो." सत्यभामाबाई दोनदा बाहेर आली आणि म्हणाली, "तवरोक आडवं करा त्याईले." गोकुळ म्हणाला, "धोतर सुटते, वयनी. पुन्हा किती खटपट? आलेच ते." शालिग्राम खाली घसरायचा. गोकुळ आणि सागर त्याला काखेत धरून वर ओढायचे. घामेजलेली कातडी प्लास्टिकला चिकटून राहायची आणि आतलं हाड वर सरकायचं. असं कितीदा झालं, ते कोणी मोजलं नाही. मोजलं असतं, तर लाज वाटली असती.

ऊन कलायला लागल्यावर पाहुणे आले. राम राम झाला. पोहे, चहा, पानसुपारी, पावसापाण्याच्या गोष्टी, मिरचीचा भाव. कोणालाही उठायची घाई नव्हती. आणि मग खुर्चीच्या हातावर थाप पडायला लागली. एक, मग थांबून दुसरी. सुपडाजींनी तिकडे बघितलं.

गोकुळ हसून म्हणाला, "दादाले भजनाचा मोठा नाद. बसल्या बसल्या हात असाच ताल धरते."

"चांगलं हाय," कोणीतरी म्हणालं. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं तर त्या तालावर मानही डोलावली.

सत्यभामाबाईला आत चुलीपाशी सगळं ऐकू येत होतं. ती थाप तिच्यासाठी होती. घरात एवढी माणसं होती आणि त्या थापेचा अर्थ तिला एकटीला कळत होता. ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली, तेव्हा शालिग्रामनं तिच्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते, तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि हात थाप मारत होता. तिनं सागरकडे बघितलं. सागरनं नुसती मान हलवली. नको, आई. तिनं ट्रे ठेवला, पदराच्या टोकानं नवऱ्याचं तोंड पुसलं आणि ती आत गेली.

आत जाऊन ती भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. तिला स्वतःची किळस आली. अजूनही येते, असं ती सरळ सांगते.

पाहुणे गेल्यावर सत्यभामाबाईनं उपरण्याची गाठ सोडली, तेव्हा शालिग्राम तिच्या अंगावर कोसळला. धोतर ओलंचिंब होतं. ढुंगणावर ट्यूबचा गोल वळ उठला होता, आणि वर माकडहाडावर एक काळसर जांभळा डाग. तिनं हात ठेवला. जागा गरम होती, टणक होती. तिनं बोट दाबून सोडलं. रंग हलला नाही. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. तिकडे अंगणात गोकुळ फोनवर कोणाला तरी सांगत होता, "मस्त झालं. पसंती आल्यातच जमा."

सकाळी ती महामायाला आणायला उपकेंद्रात गेली. तेवढ्या वेळात गोकुळ आला. त्यानं डाग बघितला. भावाचं रक्त साकळलं आहे, ते मोकळं करावं, म्हणून त्यानं तेलात कापूर टाकून ते कोमट केलं आणि तळहातानं चांगलं जोर लावून चोळलं. प्रेमानं चोळलं, हे मला मान्य आहे. सत्यभामाबाई महामायाला घेऊन आली, तेव्हा कातडीचा पापुद्रा गोकुळच्या हातावर निघून आला होता आणि तो त्या हाताकडे बघत बसला होता.

"कोनी चोळलं?" महामाया कधी मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवशी शेजारच्या घरात ऐकू गेलं.

"रक्त मोकळं होईन मनून..." गोकुळ म्हणाला.

"मेलेलं कातडं चोळून जित्तं होते का, भाऊ? वरून हे एवढंसं दिसते. आत कुठवर गेलं, ते आता समजन."

समजलं. आठवड्याभरात मधली जागा काळी पडली, मग मऊ झाली, मग घाण वास सुटला. तालुक्याच्या डॉक्टरनं मेलेलं मांस कापून काढलं, तेव्हा आत सत्यभामाबाईची मूठ मावेल एवढा खड्डा निघाला. ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. महामाया एकाआड एक दिवस पट्टी बदलायला येई. पट्टी करायला माणूस कुशीवर धरून ठेवावा लागतो, तो सागर धरी. तो आता आईकडे बघत नसे. काम मात्र सगळं करी, रात्री उठून कूसही बदली. पण केलं ते कुठं परत येतं?

आणि गाव. गावाचं काय सांगावं! बघायला येणारा प्रत्येक जण खाटेवरच टेकायचा आणि म्हणायचा, "बसत होता तो चांगला. शाल घेऊन कसा मस्त बसला होता त्या दिवशी. तुमी पुन्हा झोपवला, मनून हे झालं." सत्यभामाबाईनं पहिल्या दोघांना समजावलं. तिसऱ्याला हाताला धरून दाराबाहेर नेऊन उभं केलं. त्यानंतर ती कोणालाच आत घेत नव्हती. लोक म्हणाले, नवऱ्याच्या दुखण्यानं बाई चळली.

डोणगावकडून होकार आला. कुंकवाचा, म्हणजे साखरपुड्याचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी गोकुळ आला आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला.

"वयनी, कसं सांगू? त्यायच्याकडची मोठी मानसं येतीन. भजन करनारा मानूस एकदम खाटेवर कसा, असं मनतीन. आपन खोटं बोललो, असं होईन. म्या गादी आनली, चांगली जाड. जरासक..."

"खुर्ची कुठं हाय?" सत्यभामाबाईनं विचारलं.

गोकुळला वाटलं, जमलं. त्यानं बोट दाखवलं. तिनं ती लाल खुर्ची उचलली, अंगणात नेली आणि कुऱ्हाडीनं तिचे तुकडे केले. मग घाम पुसत आत आली.

"तुह्या भावाच्या आंगात आता बसाची जागा राह्यली नाही, गोकुळ. तू आन म्या मिळून ते जागा खाल्ली. तू हातानं, म्या गप राहून. आता मी गप राहत नाही. सोयरिक मोडली तं मोडू दे."

सागर तिथंच होता. त्यानं अंगणात जाऊन खुर्चीचे तुकडे गोळा केले.

कुंकवाच्या दिवशी अंगण पाहुण्यांनी भरलं. गोकुळनं मधल्या खोलीचं दार ओढून घेतलं होतं आणि विचारणाऱ्यांना सांगत होता, "दादाची तब्येत जरा नरम हाय. पडले हायत." दाराच्या आत सत्यभामाबाई नवऱ्याजवळ बसली होती. पट्टी भिजली होती, बदलायलाच हवी होती. महामायाला त्या दिवशी लसीकरण होतं. ती सामान देऊन, सगळं समजावून गेली होती. धरायला दोन माणसं हवी होती आणि सागरच्या कपाळाला बाहेर टिळा लागत होता.

तिनं उठून दार सताड उघडलं.

"सुपडाजी, जरा आत या. गोकुळ, तूबी ये. मले धराले मानसं पाह्यजे."

सुपडाजी चपला काढून आत आले. मागून गोकुळ आला.

"तुमी खांदा धरा, गोकुळले कंबर धरू द्या. आपल्याकडं वळवा. हां, असं. आता हलू नका." तिनं पट्टी सोडली. खोलीत वास पसरला. "तोंड फिरवू नका, सुपडाजी. पाहा. तुमी आले होते ना, त्या दिवशी याईले खुर्चीले बांधून ठेवलं होतं. शालीखाली गाठ होती. तुमाले मानूस धडधाकट दिसाव मनून. तो भजनाचा ताल नव्हता. आडवं करा, असं मनत होते हे. लकवा हाय याईले. पोरगी द्याची नसन तं आताच सांगा, पण खोट्यावर देऊ नका."

सुपडाजींनी त्या खड्ड्याकडे बघितलं. शालिग्रामचा खांदा त्यांनी सोडला नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, आमाले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"लकवा हाय, वाचा गेली. सगळं. पोरगी द्याच्या आधी मानूस चौकशी करतेच ना. तुमच्याच गावातल्या दोघा-तिघायनं सांगतलं होतं. आमी तरीबी आलो. आमाले पोरगा पाहाचा होता. तुमी त्याईले एवढं नटवून बसवलं, तं आमी काही बोललो नाही. तुमाले वाईट वाटन मनून."

गोकुळच्या हातातून कंबर सुटायला आली. त्यानं ती पुन्हा धरली.

सत्यभामाबाई चिमट्यात कापूस धरून तशीच थांबली. म्हणजे त्या दुपारी त्या अंगणात कोणीच फसलं नव्हतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. पोहे खाणाऱ्यांना ठाऊक, मान डोलावणाऱ्या म्हाताऱ्याला ठाऊक. एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून सगळे बसून होते, आणि त्या भलेपणाखाली तिच्या माणसाचं मांस मरत होतं.

"मालूम होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मंग 'आडवं करा त्याईले', एवढं मनाले तुमचं काय जात होतं?"

"पाव्हण्यानं दुसऱ्याच्या घरात कसं बोलाव, बाई?"

तिनं कापूस मिठाच्या पाण्यात भिजवला आणि जखमेच्या कडेनं फिरवायला सुरुवात केली. शालिग्रामच्या घशातून एक आवाज निघाला. बाहेर कोणीतरी मुहूर्ताची आठवण करून दिली. सुपडाजींनी दाराकडे बघितलं आणि त्यांची पकड जराशी सैल झाली.

"सोडू नका," सत्यभामाबाई म्हणाली. "माहं काम झालं नाही अजून."